दुसरी सोंड

काकांच्या घरी चहाला जाणाऱ्या माणसाला एक पथ्य पाळावं लागे. दिवाणखान्यातल्या मोठ्या फोटोकडे बघून "व्वा, काय सुंदर हिल आहे" असं म्हणायचं नाही. म्हटलंच, तर काका हातातला कप तसाच धरून विचारत, "हिल? ते काय टेकाड आहे? कळसूबाईपेक्षा उंच आहे तो!" मग चहा पार गार होईपर्यंत पाहुण्याची सुटका नसे. माझ्या नवऱ्याने पहिल्याच भेटीत हिल म्हटलं. आम्ही मॉरिसव्हिलला नवीन होतो, ओळखीपाळखी करून घ्यायला गेलो होतो, आणि तो बिचारा काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. परत येताना गाडीत म्हणाला, "यार, हे आजोबा डेंजर आहेत." मला मात्र ते त्याच दिवशी आवडले. मी स्वतः तापट आहे. दुसरं कुणी तापलेलं बघितलं की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

मॉरिसव्हिलमध्ये केस पिकलेला प्रत्येक मराठी पुरुष काकाच असतो, पण नुसतं 'काका' म्हटलं की ते हेच. मूळचे भोरकडचे. तरुणपणी शिकायला आले, इथल्या रस्तेखात्यात लागले आणि डोंगर कापून केलेल्या रस्त्यांवर दरड येईल का, हे तपासत जन्म काढला. काकू गेल्यावर मुलाने अल्फारेटाला राहायला या म्हणून खूप आळवलं. हे गेले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "त्याच्या घरी ओरडता येत नाही. सून इतक्या हळू बोलते की मला वाटतं कुणी आजारी आहे."

फोटोतला डोंगर म्हणजे माउंट महोनी. आमच्या गावाहून पश्चिमेला सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेआधी पायथ्याशी पोचता येतं. कुणा आयरिश कुटुंबाची गुरं एके काळी त्याच्या माथ्यावर चरायची, त्यांचं नाव डोंगराला पडलं. आता या नावावरून एखाद्या मराठी माणसाचं रक्त खवळायचं काय कारण? पण काकांचं खवळत असे. त्यांच्या खात्यात एक आयरिश सहकारी होता, त्याने त्यांना सांगितलं होतं की त्याच्या गावात हे नाव 'माहनी' असं म्हणतात, जोर पहिल्या अक्षरावर. झालं. तेव्हापासून काका माहनी म्हणत आणि समोरचा महोनी म्हणाला की टेबलावर बोटं आपटत. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी तर आणखी पुढची पायरी गाठली होती. त्यांनी त्या डोंगराचं 'मोहिनी' करून टाकलं होतं. "या वर्षी मोहिनीला कोण कोण येतंय?" असे मेसेज यायचे.

"ऑफिसात कुणी ज्ञानेश्वरचं डॅनी केलं की तुम्ही घरी येऊन बायकोजवळ रडता," काका म्हणत, "आणि दुसऱ्याच्या आडनावाची मोहिनी करता? लाज नाही वाटत?"

मला हे म्हणणं पटायचं. अजून पटतं. पण खरं सांगायचं तर काका सगळीकडेच जिंकत असं नाही. पायथ्याच्या गावात एक लहानसं खानावळवजा हॉटेल आहे. तिथल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना काकांनी एकदा त्यांच्याच डोंगराचं नाव शिकवायला घेतलं. बाईंनी कॉफी ओतता ओतता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल हो तुमचं बरोबर. पण ते महोनी काही तक्रार करायला इथे राहिलेले नाहीत." काकांनी कॉफी संपवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई चुकतेय. पण उत्तर चांगलं दिलं."

त्या भागात माथ्यावर झाडं नसून नुसतं गवत असलेल्या डोंगरांना 'बॉल्ड' म्हणतात, म्हणजे टकले. यावरही काकांचा राग होता. त्यांचं स्वतःचं डोकं तुळतुळीत असल्यामुळे असेल असं आमचे लोक म्हणत, पण काकांचं म्हणणं सरळ होतं. ज्या माथ्यावर गुडघाभर गवत आहे, फुलं आहेत, वारा आहे, त्याला टक्कल म्हणणाऱ्याला डोकं नाही. माळ म्हणा. आपल्याकडे शब्द आहे ना?

हेच तर होतं सगळं. आपल्याकडे शब्द आहे ना! काकांना त्या डोंगराचा प्रत्येक अवयव मराठीत पाठ होता आणि तो इतरांनाही पाठ असावा ही त्यांची एकुलती एक हौस. दर रविवारच्या मराठी शाळेत ते मुलांचा एक तास घेत. बाकीच्या बाई मुलांकडून बडबडगीतं म्हणून घेत, आणि काका फळ्यावर डोंगर काढत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, मंडळाची सहल त्या डोंगरावर जाई, तेव्हा फळ्यावरचा डोंगर मुलांच्या पायाखाली येई. त्या एका दिवसासाठी काका वर्षभर जगत असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

फळाच हवा असंही नव्हतं. गणपतीच्या जेवणात मुलांच्या पंक्तीला ते मुद्दाम बसत. भाताची मूद ताटात पडली की ओरडत, "मोडू नका! आधी डोंगर करा!" मग कागदी ताटांतून वीस-पंचवीस डोंगर तयार होत. वर सपाट माळ. उत्तरेला चमच्याने सरळ कापून कडा. पश्चिमेला बोटाने दाबून खिंड, कारण तिथून ढग आत येतात. माथ्याच्या जरा खाली खांदा. आणि खांद्यापासून दक्षिणेला उतरणाऱ्या तीन सोंडा. मधल्या खोलगट जागा म्हणजे घळी, त्यांत कोशिंबीर भरायची, कारण तिथे रानटी झुडपांची अशी जाळी आहे की माणूस शिरला तर निघत नाही. त्या भागातले लोक तिला नरकच म्हणतात. मग काका स्वतः उठून प्रत्येकाच्या डोंगरावर वरण ओतत.

"कुठून गेलं वरण?"

"घळीतून!" मुलं ओरडत.

"आणि माणूस कुठून जातो?"

"सोंडेवरून!"

"पाणी घळीतून उतरतं, माणसाने सोंडेवरून उतरावं," हे काकांचं ब्रह्मवाक्य होतं. पुढे आणखी एक धडा असे. पहिली सोंड पार्किंगपाशी उतरते. दुसरी तिची जुळी बहीण, सुरुवातीला अगदी तशीच दिसते, पण मध्येच एका कातळावर येऊन तुटते. खांद्यावर उभं राहून आधी तीन सोंडा मोजायच्या आणि मगच पाय टाकायचा. आया वैतागत. जेवण गार होतं, हात बरबटतात, हे काय खूळ! पण जी मुलं घरी वरणभाताला नाक मुरडायची, ती तिथे डोंगरच्या डोंगर फस्त करायची. माझी लेक त्यांतली एक. घरी माझ्याशी सगळं इंग्रजीत बोलणारी ही पोरगी सोंड, घळ, खिंड, कातळ हे शब्द मात्र मराठीतच बोलायची, कारण तिला त्यांचं इंग्रजी कुणी शिकवलंच नव्हतं.

आता त्या सहलीचं सांगते. सांगताना माझा आवाज चढेल, त्याला इलाज नाही.

लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. सहलीला आम्ही बरेच जण होतो, मंडळाचे अध्यक्षही होते. अध्यक्ष एका मोठ्या आयटी कंपनीत डायरेक्टर. पाडव्याला फेटा बांधून "मराठी टिकली पाहिजे" असं दरवर्षी भाषण करायचे आणि त्यांच्या भाषणाला टाळ्याही पडायच्या. माथ्यावर डबे खाऊन झाले आणि पश्चिमेच्या खिंडीतून धुकं आत यायला लागलं. काका म्हणाले, आल्या वाटेने हळूहळू उतरू, एकमेकांना धरून. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन ते पुढे निघाले, मीही त्यांच्यात होते. अध्यक्षांना एवढा धीर कुठला? त्यांनी फोनवरचा नकाशा बघितला, "इथून शॉर्टकट आहे, आपण आधी पोचू, चला यंगस्टर्स" म्हणाले आणि माझ्या लेकीसकट सात-आठ जणांना घेऊन धुक्यात सटकले. आम्ही पुढे असल्यामुळे हे आम्हाला खाली पोचेपर्यंत कळलंही नाही.

खाली पोचलो, वाट बघितली, कुणी येईना. पार्किंगमध्ये फोनला रेंज नाही. एवढ्यात पोलिसांच्या दोन गाड्या सायरन वाजवत आत शिरल्या. दोघे पोलीस उतरले आणि एकदम आमच्या गाड्यांकडे धावले. "डिकी उघडा! सगळ्यांनी डिकी उघडा!"

आम्हाला काही कळेना. हातात बंदूक नव्हती, पण हात तिच्यावर होता. आम्ही एकेक डिकी उघडली. एकीत सतरंज्या, एकीत कुकर, एकीत गेल्या गणपतीच्या मखराचं थर्माकोल, एकीत खुर्च्या आणि पोह्यांचं पातेलं. पोलीस प्रत्येक डिकीत वाकून बघत होते, सतरंज्या बाजूला करत होते. मी विचारलं, "ऑफिसर, तुम्ही शोधताय काय?"

तो म्हणाला, या डोंगरावरून एका मुलीचा ९११ वर फोन आला होता, रडत होती, आवाज तुटत होता. आम्ही आठ जण ट्रंकवर अडकलोय असं म्हणत होती, आणि मग फोन बंद पडला. इथे गाडीच्या डिकीला ट्रंकच म्हणतात, त्यामुळे आठ माणसं डिकीत कोंबली आहेत, असं त्यांच्या लोकांना वाटलं होतं.

माझी मुलगी. मी पुढे काही विचारणार, पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकांनी त्या पोलिसाचा दंडच धरला. "विच ट्रंक? तिने कुठली ट्रंक म्हटलं?"

"सर, हात काढा. सेकंड ट्रंक म्हणाली."

"दुसरी सोंड!" काका असे ओरडले की तो पोलीस दचकून मागे सरला.

पोरीला सोंड माहीत होती. हत्तीच्या सोंडेला इंग्रजीत ट्रंक म्हणतात हेही माहीत होतं. डोंगराच्या सोंडेला इंग्रजीत दुसरं काही म्हणतात, हे तिला कोण सांगणार? तिने आपल्या परीने चोख भाषांतर केलं होतं. काकांनी पोलिसांच्या गाडीच्या दमट काचेवर बोटाने डोंगर काढला, माळ, खांदा, तीन सोंडा. दुसरीवर फुली मारली. "खांद्यापर्यंत चढा, तिथून या सोंडेवर उतरा. कातळाच्या वर बसलेली असतील. घळीत शिरू नका, त्यांनाही शिरू देऊ नका." पोलिसांनी आता मुकाट्याने मान डोलावली. ते वर गेले आणि उजेड आहे तोवर सगळ्यांना खाली घेऊनही आले. कातळाच्या वरच बसलेली सापडली. अध्यक्षांचं म्हणणं होतं की आपण घळीतून खाली सरकू, पाण्याच्या बाजूने गेलं की रस्ता लागतो. माझी लेक कातळावर फतकल मारून बसली होती आणि बाकीच्या मुलांनाही तिने उठू दिलं नव्हतं. अध्यक्ष तिला ही पार्किंगचीच वाट आहे म्हणून पटवत होते. ती एकच वाक्य बोलत होती, "नो अंकल, वी काउंटेड राँग, धिस इज द दुसरी सोंड."

तुम्हाला वाटेल, यानंतर मंडळाने काकांचा सत्कार केला असेल. मलाही वाटलं होतं. शाल नाही, नारळ नाही, निदान दोन शब्द!

पंधरवड्याने क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. समोसे मागवले होते. अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "बेसिकली हा कम्युनिकेशन फेल्युअर होता. मुलांनी इमर्जन्सीमध्ये नॉर्मल टर्म्स वापरायला हव्यात. सोंड काय, घळ काय! पोलीस कन्फ्यूज झाले, टाइम वेस्ट झाला. उद्या काही झालं असतं तर लायबिलिटी कुणाची? आपल्या मुलांना इथे राहायचंय, यार. मराठी शिकवा ना, मोदक शिकवा, लेझीम शिकवा, पण हे असलं मराठी कशाला?"

हे असलं मराठी! मी उभी राहिले. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शॉर्टकट कुणी काढला, मुलांना घळीत कोण उतरवत होतं, आणि पाडव्याला फेटा बांधून कोण गळा काढतं, हे तिन्ही प्रश्न विचारले एवढं आठवतं. माझी लेकही उठली. "अंकल, तुम्ही म्हणालात पार्किंग. मी म्हणाले दुसरी सोंड. आय वॉज राइट. काकांमुळे."

अध्यक्ष हसले. "सो क्यूट," म्हणाले.

मग ठराव आला. डोंगराची सहल बंद, त्याऐवजी तळ्याकाठी पिकनिक. शाळेतला काकांचा तास बंद, त्या वेळात लेझीम. हात वर करा. मी आजूबाजूला बघितलं. त्या संध्याकाळी ज्यांची मुलं सुखरूप खाली आली होती, ते आईबाप तिथे बसले होते. पार्किंगमध्ये काकांचे हात हातात घेऊन रडलेली एक बाई माझ्या पुढच्याच खुर्चीवर होती. तिचा हात वर गेला. विरोधात आम्ही दोघं नवराबायको. बाकीचे समोशाची चटणी बघत होते. बाहेर निघताना तीच बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मनातून आम्ही काकांच्याच बाजूने आहोत गं. पण उगाच वाकडं कशाला घ्या?" मनातून! मनात काय लोणचं घालायचंय?

काका ओरडतील म्हणून मी थांबले होते. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी स्वतःची घडीची खुर्ची मिटली, भिंतीशी बाकीच्या खुर्च्यांत नीट लावून ठेवली आणि निघून गेले.

त्यानंतरच्या दिवाळी अंकात अध्यक्षांचा लेख आला, धुक्यात हरवलेल्या मुलांना आपण कसा धीर दिला त्याचा. त्यात काकांचा उल्लेख 'एक ज्येष्ठ सभासद' असा होता. तो अंक मी रद्दीतही ठेवला नाही.

मे महिना आला. मंडळाची पिकनिक ज्या शनिवारी होती, त्याच शनिवारी मी काकांना डोंगरावर न्यायचं ठरवलं. मुलांना घेऊन. मी एकेका घरी फोन केला. सगळ्यांनी आनंदाने हो म्हटलं. "अगदी नक्की," "मुलं केव्हाची विचारतायत," "काकांना सांगू नकोस, सरप्राइज देऊ." मला वाटलं, चला, माणसं एवढीही वाईट नाहीत.

काकांना मी सांगून टाकलं. ते नवे बूट घालून आले होते.

पार्किंगमध्ये आमची एकच गाडी. आम्ही थांबलो. काका रस्त्याकडे तोंड करून उभे होते, एखाद्या गाडीचा आवाज आला की मान उंचावत, आणि गाडी पुढे निघून जाई. माझ्या फोनवर येतानाच, रेंज होती तोवर, मेसेज आले होते. कुणाच्या मुलाचं सॉकर, कुणाला सर्दी, कुणी नुसताच हात जोडलेला इमोजी. मी ते काकांना दाखवले नाहीत. शेवटी तेच म्हणाले, "चला."

आम्ही तिघं चढायला लागलो. नवरा कामासाठी जर्सी सिटीला गेला होता. हवा स्वच्छ होती, लांबवर निळ्या रांगामागून रांगा दिसत होत्या, जाळीत गुलाबी फुलं आली होती. दरवर्षी या वाटेवर काकांचं तोंड एक क्षण बंद नसे. हे काय, ते काय, चुकलं, पुन्हा सांग, गाढवा! आज ते काही बोलत नव्हते. कुठे थांबून दाखवलं नाही, काही विचारलं नाही. आम्ही माथ्यावर गेलो, माळावर बसून डबा खाल्ला. त्यांनी भात घेतला आणि तसाच खाल्ला.

लेकीला ते सहन होईना. उतरताना खांद्यापाशी आलो तेव्हा तिने मला डोळ्याने खूण केली आणि दुसऱ्या सोंडेकडे बोट दाखवून मुद्दाम म्हणाली, "काका, ही घळ ना?"

आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलो. आता सुटेल तोंड, आता सुटेल. काकांनी सोंडेकडे बघितलं.

"असेल," ते म्हणाले.

लेकीचा चेहरा लाल झाला. तिने पाय आपटला आणि माझ्या उभ्या आयुष्यात मी तिच्या तोंडून ऐकलं नाही इतकं मराठी एका दमात ऐकलं. "असेल काय? सोंड आहे ही! दुसरी सोंड आहे! तुम्ही सांगा ना, चूक आहे म्हणून! ओरडा ना माझ्यावर!"

तिचा आवाज समोरच्या धारेवर आपटून परत आला. काका थांबले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागेपुढे बघितलं.

"हळू बोल, बाळ," ते म्हणाले. "लोक ऐकतील."

सगळ्या डोंगरावर आम्हा तिघांशिवाय कुणीही नव्हतं.